भोंग्याची वही

सोमवार, ता. ३

आज आमच्या घराला डोळा आला, तोंड आलं आणि मेंदूसुद्धा आला, असं ती चोरांसाठीचं यंत्र बसवणारी पोरगी म्हणाली. मी म्हटलं, बाई गं, एवढं सगळं आल्यावर मी काय करू, बसून राहू? तर म्हणते, आजी, तुम्हाला तर सगळ्यात मोठं काम आहे, तुम्ही वही लिहायची.

म्हणून ही वही. तिनेच दिली. वहीच्या पुढच्या बाजूला रकाने आखून दिलेत. तारीख, वेळ, कुठलं दार, कोण, आणि भोंगा का वाजला. महिनाभर लिहायचं, मग ती येऊन वाचणार आणि यंत्राला आमच्या घराच्या सवयी शिकवणार. मागची बाजू मात्र कोरी होती. एवढी चांगली पानं वाया का घालवायची? ही बाजू माझी. शाळा चौथीपर्यंतच झाली माझी, पण अक्षर बरं आहे. बाई म्हणायच्या, हिचं अक्षर शाळा सोडतंय हे वाईट.

तर डोळा म्हणजे बैठकीच्या कोपऱ्यात वर, लिंबाएवढा, पांढरा. दाराला दोन कांड्या चिकटवल्यात, एक दारावर, एक चौकटीवर. दार उघडलं की त्या एकमेकींपासून लांब होतात आणि यंत्राला कळतं. मग भिंतीवरची डबी टीं टीं टीं करायला लागते. तिला पॅनेल म्हणतात. तीस सेकंदांत तिच्यावर आपला चार आकडी कोड दाबायचा, नाही दाबला तर भोंगा. माझा कोड वेगळा, यांचा वेगळा, भिंगरीचा वेगळा, म्हणजे कोण आलं ते मुलाला तिकडे फोनवर दिसतं. कोड कुठे लिहायचा नाही असं बजावलंय, म्हणून लिहीत नाही.

हे म्हणजे आमचे हे. सगळी गल्ली यांना कुलूपवाले म्हणते. चाळीस वर्षं कुलपं केली, दुरुस्त केली, किल्ल्या कानशीने घासून दिल्या. पोरगी आमच्या दाराकडे बघून म्हणाली, "आजोबा, दाराला दोन कुलपं?"

"तीन," हे म्हणाले.

"तिसरं दिसत नाही मला."

"दिसलं तर ते कुलूप कसलं!"

पोरगी शिडीवरून पडता पडता राहिली. हे मात्र हसले नाहीत. हल्ली विनोद करतात आणि स्वतः चेहरा कोरा ठेवतात. मला वाटतं यंत्र आलं ते यांना आवडलेलं नाही. चाळीस वर्षं घराची राखण यांच्या हातची होती ना.

यंत्र आलं त्याला कारण समोरच्या मास्तरीणबाई. त्यांच्याकडे भर दुपारी चोरी झाली. मुलगा म्हणाला, "आई, भिंगरी रोज शाळा सुटल्यावर तुमच्याकडे राहणार असेल तर घर पक्कं हवं. महिनाभर बघू. नीट जमलं तर ती तुमच्याकडेच राहील. नाहीतर शाळेत मागे मुलं सांभाळायची खोली आहेच."

ती खोली मी बघितली आहे. भिंतीवर ससे काढलेत आणि एक बाई फोनमध्ये बघत बसते.

भिंगरी माझी नात, साडेआठ वर्षांची. उद्यापासून येणार! मला आज झोप येईल असं वाटत नाही.

मंगळवार, ता. ४

आली! हे तिला शाळेच्या बसवरून घेऊन आले. मी स्वयंपाकघरात होते, हात साबणाचे. तीनही कुलपं उघडल्याचा आवाज झाला, दार उघडलं, डबी टीं टीं करायला लागली, आणि मी ओरडले, "आली का गं माझी भिंगरी!" ती दारातूनच ओरडली, "आजी, मला चित्रात पहिला नंबर!" आणि तेवढ्यात भोंगा. अरे देवा, काय आवाज! मास्तरीणबाईंच्या कुत्र्याने गल्ली डोक्यावर घेतली. मी तशीच साबणाच्या हाताने धावले आणि माझा कोड दाबून बंद केला.

हे डबीसमोरच उभे होते, बोट वर करून. "बटणं अडकतात," म्हणाले.

मग फोन आला. भोंगा वाजला की कंपनीच्या ऑफिसातून एक बाई फोन करते आणि परवलीचा शब्द विचारते. शब्द भिंगरीने ठरवला होता. मी फोनवर अगदी गंभीरपणे म्हणाले, "पाणघोडा." तिकडची बाई म्हणाली, "धन्यवाद आजी. सगळं ठीक आहे ना?" मी म्हटलं, हो, नातीला चित्रात पहिला नंबर मिळाला. ती म्हणाली, अभिनंदन. किती गोड आवाज! अरे, परवलीचा शब्द मी इथे लिहून बसले. आता राहू दे, खोडलं तर अजून लक्ष जाईल.

वहीच्या पुढच्या बाजूला लिहिलं: ता. ४, चार वाजून दहा, पुढचं दार, भिंगरीचे आजोबा, कोड दाबायला उशीर.

वेळ भिंतीवरच्या घड्याळात बघितली. त्याचा नऊ पुसून गेलाय, पण तो कुठे होता ते आम्हाला ठाऊक आहे.

गुरुवार, ता. ६

पुन्हा भोंगा. पुन्हा हेच. यांचं म्हणणं, एकदा दाबलं की आकडा दोनदा उमटतो. मी दाबून बघितलं तर एकदाच उमटतो. यंत्र माणूस बघून वागतं की काय? वहीत लिहिलं: भिंगरीचे आजोबा, बटण दोनदा उमटतं.

भिंगरीने आज मला शिकवलं की अंतराळात आवाज नसतो. मी म्हटलं, तिकडे हा भोंगा न्यायला पाहिजे.

रविवार, ता. ९

आज मुलगा आणि सूनबाई जेवायला आले. जेवण झाल्यावर मुलाने वही मागितली आणि पुढची बाजू वाचली. मग सगळ्यांसमोर यांना म्हणाला, "बाबा, चार आकडे दाबायचेत. चार! लोकांच्या तिजोऱ्या उघडून दिल्यात ना तुम्ही? भिंगरीसुद्धा दाबते."

भिंगरी म्हणाली, "मी आठ सेकंदात दाबते."

यांनी मान खाली घातली. उजवा हात खिशात घातला आणि मागच्या खोलीत आपल्या बाकावर जाऊन बसले. बाकावर कानशी, पकडी, किल्ल्यांचा डबा. बराच वेळ कानशीचा आवाज आला नाही. मी चहा नेऊन दिला तर म्हणाले, "ठेव तिथे." चहा तसाच गार झाला.

मला मुलाचा राग आला. नातीसमोर असं बोलायचं? आणि यांचाही थोडा आला. रुसवा असावा तो किती! यंत्र आवडत नाही म्हणून मुद्दाम उशीर करायचा आणि भोंगा होऊ द्यायचा. लग्न झाल्यापासून यांचा रुसवा मी ओळखते. बोलायचं कमी, हसायचं नाही, चपला फरपटत चालायचं. अगदी तसंच चाललंय.

ठरवलं. आता भोंगा झाला तर कोण या रकान्यात यांचं नाव लिहायचं नाही. मी असं लिहायचं. माझ्यावर मुलगा ओरडणार नाही आणि ओरडला तरी मला काय त्याचं! मी गरीब गाय नाही, उलट बोलेन.

मंगळवार, ता. ११

भोंगा. चार वाजून आठ. वहीत लिहिलं: मी. कोड विसरले.

खोटं बोलायला एवढं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. बंद करायला मीच धावते, म्हणजे यंत्रातही माझाच नंबर दिसतो. सगळं जुळतंय.

भिंगरीने आणि मी एक खेळ काढलाय. दार उघडलं की आम्ही सेकंद मोजतो. भिंगरी आठ. मी पाच, कारण मी आता पटाईत झालेय. हे तीसच्या पुढे.

"आजोबा, मी दाबू का तुमचा?" भिंगरी म्हणाली.

"नको. मी."

"पण भोंगा होतो ना!"

"होऊ दे. त्यालाही ओरडायचं असतं कधीतरी."

गुरुवार, ता. १३

भोंगा. मी. कोड विसरले. फोनवरच्या बाईला मी विचारलं, तुमचं जेवण झालं का? ती म्हणाली, आजी, आम्हाला जास्त बोलता येत नाही. पण हसून म्हणाली. मग म्हणाली, महिन्यात आठ वेळा खोटा भोंगा झाला तर आमचा माणूस तपासायला येत नाही, पत्र येतं. मी म्हटलं, पत्र येऊ दे, किती वर्षांत कुणाचं पत्र आलं नाही.

शुक्रवार, ता. १४

आज मास्तरीणबाई आल्या. चोरीनंतर यांनी त्यांना कपाटाची नवी किल्ली करून दिली होती. ती घेऊन आल्या, ओशाळून उभ्या.

"कुलूपवाले, ही लागत नाही हो. मलाच फिरवता येत नसेल."

यांनी किल्ली हातात घेतली, उजेडाकडे धरली. मी पण बघितलं. दाते वाकडेतिकडे, जणू कुणी शिकाऊ माणसाने घासलेत.

"कुलूप गंजलंय तुमचं," हे म्हणाले.

"नवीन आहे ते."

"मग नवीनच गंजकं असेल."

मास्तरीणबाई गेल्यावर हे त्या किल्लीकडे बघत बसले. चाळीस वर्षांत यांची किल्ली परत आलेली मला आठवत नाही. मी म्हटलं, अहो, डोळे दाखवून घ्या, चष्म्याचा नंबर बदलला असेल. "हो," म्हणाले. मी म्हणते ते लगेच पटलं, हेच नवल!

रविवार, ता. १६

आज मुलगा किती प्रेमाने वागला म्हणून सांगू! वही वाचली, पण ओरडला नाही. मग माझ्याजवळ बसला आणि गप्पाच मारायला लागला.

"आई, आज वार कुठला?"

"रविवार. म्हणून तर तू आलास."

"गुरुवारी काय केलं होतंस जेवायला?"

"वाटाण्याची भाजी. का, तुला हवी होती का? अरे, सांगायचं ना, ठेवली असती."

मग विचारलं, त्याचा जन्म कुठल्या दवाखान्यात झाला, त्याच्या पहिल्या शाळेचं नाव काय. मी सगळं सांगितलं, शिवाय त्याने पहिल्या दिवशी शाळेत वर्गाच्या मध्यभागी काय केलं तेही सांगितलं. सूनबाई हसल्या. तो हसला नाही, नुसता माझा हात धरून बसला. माणूस मोठा झाला की त्याला आई पुन्हा आवडायला लागते.

हे समोर बसून सगळं ऐकत होते. हात खिशात.

सोमवार, ता. १७

भोंगा. मी.

बुधवार, ता. १९

भोंगा. मी. कालही झाला होता, तोही मी. पण आज एक गंमत कळली. दुपारी मागच्या खोलीत डोकावले तर हे बाकावर वाकून बसलेले. समोर पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर हुबेहूब डबीसारखी बटणं काढलेली. आणि हे एका बोटाने त्यावर टकटक करत होते. एक, थांब. दुसरा, थांब. घाम आलेला.

म्हणजे सराव चाललाय! मला एवढा आनंद झाला. रुसवा गेला म्हणायचा. यंत्राशी जमवून घ्यायचं ठरवलंय यांनी. मी हळूच मागे फिरले, काही दाखवलं नाही. आकडे मात्र इतके बारीक काढलेत की मुंग्या चालल्यासारखे दिसतात. पूर्वी पाकिटावर पत्ता लिहायचे तर अर्धं पाकीट भरायचं.

शुक्रवार, ता. २१

आज भोंगा नाही झाला, धूर झाला. स्वयंपाकघरातल्या यंत्राला धूरही कळतो हे मी विसरलेच होते. दूध तापायला ठेवलं होतं आणि खाली कपडे आणायला गेले. हे तिथेच टेबलाशी बसलेले. जाताना सांगितलं, अहो, दुधाकडे लक्ष द्या. परत येते तो घर भरून करपट वास, यंत्र कोकलतंय, पातेलं काळंठिक्कर, आणि हे दोन हात अंतरावर उभे!

"अहो, वास नाही आला का?"

"नाही आला."

"नाक कुठे ठेवलं होतं?"

यांनी नाक चाचपून बघितलं. मग आम्ही दोघं हसलो. म्हणजे मी हसले. वहीत लिहिलं: मी. दूध विसरले. खरं तर ठेवलं मीच होतं.

याच्यानंतर फोनवरच्या बाईने सांगितलं, आजी, आठ झाले.

रविवार, ता. २३

आज लिहावंसं वाटत नाही, पण लिहिते.

मुलगा आणि सूनबाई आले. भिंगरीला मास्तरीणबाईंच्या कुत्र्याशी खेळायला पाठवलं. मग मुलाने वही उघडून माझ्यासमोर ठेवली. 'कोण' या रकान्यात सहा वेळा 'मी'. त्याच्या फोनवरही प्रत्येक वेळी माझाच नंबर.

"आई, तुझी चूक नाही हे आधी सांगतो," तो म्हणाला. "या वयात होतं. गुरुवारी आपण एका डॉक्टरांकडे जाऊ. मेंदूचे डॉक्टर आहेत."

"माझ्या मेंदूला काय झालंय?"

"कदाचित काहीच नाही. पण तोपर्यंत भिंगरी शाळेतच थांबेल. नवा महिना लागला की."

"सशांच्या खोलीत?"

सूनबाई म्हणाल्या, "आई, दूध होतं म्हणून बरं. ती घरात असती तर?"

 एका वाक्यात सगळं सांगून टाकता आलं असतं. भोंगे माझे नाहीत, यांचे आहेत, रुसवा आहे यांचा. तोंड उघडलं आणि यांच्याकडे बघितलं. हे दाराच्या कुलपाकडे बघत होते, जणू पहिल्यांदाच बघताहेत. मी तोंड मिटलं.

यांचं नाव सांगितलं तर मुलगा यांना काय म्हणेल ते मी ऐकलंय एकदा. पुन्हा नको.

मंगळवार, ता. २५

भिंगरीने काल आल्यावर विचारलं, "आजी, तू मला विसरणार आहेस का?" कुणीतरी तिच्यासमोर बोललं असणार. मी म्हटलं, तुला विसरायला मला अजून शंभर वर्षं लागतील. ती बोटांवर मोजायला लागली.

आज यांना ओट्याशी गाठलं. म्हटलं, "आता बास झाला रुसवा. तुमच्या रुसव्यापायी पोर जाईल आपली."

"कसला रुसवा?"

"यंत्रावरचा."

हे माझ्याकडे बघतच राहिले. "तुला वाटतं मी मुद्दाम करतो?"

"मग काय?"

काहीतरी सांगायला आले होते, ओठापर्यंत आलं होतं. मग म्हणाले, "वहीत माझं नाव लिहायचं होतंस."

"लिहिलं होतं. मग पोरासमोर मान खाली घालून तुम्हीच गेलात ना मागच्या खोलीत! मला नाही बघवत ते."

त्यावर हे एवढंच म्हणाले, "वेडी आहेस." डॉक्टर सांगायच्या आधीच सांगून मोकळे!

गुरुवार, ता. २७

आज जे झालं ते नीट क्रमाने लिहिते.

डॉक्टर माझ्या मुलापेक्षाही लहान. केस विंचरलेले, बूट चकचकीत. मुलगा एका बाजूला, हे दुसऱ्या बाजूला. डॉक्टरांनी मला तीन शब्द दिले: छत्री, बशी, पूल. म्हणाले, लक्षात ठेवा, मी परत विचारीन. मी म्हटलं, बशी माझ्याकडे एक आहे कपाशिवाय, तिच्या कपाची गोष्ट सांगू का? ते म्हणाले, नंतर. मग शंभरातून सात वजा करत जायला लावलं. ते मी बाजारात रोज करते.

मग कागद दिला. "घड्याळ काढा. अकरा वाजून दहा मिनिटं."

"कुठलं घड्याळ? भिंतीवरचं की हातातलं?"

"कुठलंही."

मी आमचं काढलं. गोल छान आला. आकडे सगळे जागच्या जागी घातले, आणि नऊची जागा कोरी सोडली. काटे बरोबर.

डॉक्टरांनी कागद बघितला. मुलाकडे बघितलं. मुलाने डोळे मिटून घेतले. खोलीत इतकं शांत झालं की मला वाटलं, पेपर जमला.

तेव्हा हे बोलले. आवाज इतका बारीक झालाय यांचा हल्ली, की डॉक्टर पुढे वाकले.

"आमच्या घड्याळाचा नऊ पुसलेला आहे. तिने दिसतं तसं काढलंय."

मग यांनी उजवा हात खिशातून काढला आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. नुसता ठेवला. तो थरथरत होता. अंगठा आणि बोट एकमेकांवर घासत होते, जणू न दिसणारी किल्ली फिरवताहेत.

"हिला काही झालेलं नाही. ते भोंगे माझे आहेत. मला तीस सेकंद पुरत नाहीत. हिने माझ्यासाठी आपलं नाव लिहिलं."

मुलगा म्हणाला, "बाबा, कधीपासून?"

"थंडीपासून. डाव्या हाताने भागवत होतो."

"सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर भिंगरीला बसवरून आणायला मला पाठवलं असतंस का?"

मुलाने आपली खुर्ची यांच्याजवळ ओढली.  

डॉक्टरांनी मग यांनाच खुर्चीत घेतलं. बोटं आपटायला लावली, खोलीभर चालायला लावलं, एक ओळ लिहायला लावली. ओळीच्या सुरुवातीला अक्षर होतं, शेवटी ठिपके उरले. वास येतो का, विचारलं. हसता का, विचारलं. हे म्हणाले, "हसतो. चेहऱ्यापर्यंत पोचत नाही." डॉक्टरांनी सांगितलं, कंपवात दिसतो. पूर्ण जात नाही, पण औषध आहे. म्हणाले, "हात तुमचं ऐकतात, फक्त उशिरा ऐकतात."

निघताना त्यांनी मला विचारलं, ते तीन शब्द आठवतात का? मी म्हटलं, छत्री, बशी, आणि तिसरा मरू दे. पायऱ्या उतरताना आठवला. पूल. परत वर जाऊन सांगून आले.

शुक्रवार, ता. २८

सकाळपासून सगळं आठवतंय. गार झालेला चहा. कप उचलायचा म्हटला असता तर सांडला असता, म्हणून ठेव तिथे. खिशातला हात. मास्तरीणबाईंची किल्ली. सदऱ्याचं वरचं बटण उघडं, आणि मी म्हणायचे, म्हातारपणी काय ही ऐट. दुधाचा वास. पुठ्ठ्यावरच्या मुंग्या. एवढं सगळं या बाजूला मीच लिहून ठेवलंय, तारीखवार, आणि दर वेळी रुसवा म्हणून पुढे गेलेय.

लग्न झाल्यापासून ओळखते म्हणे!

यांना म्हटलं, मला तरी सांगायचं. हे म्हणाले, "तुला सांगितलं असतं तर तू दुसरी वही केली असतीस."

रविवार, ता. ३०

बसवणारी पोरगी आली. महिना झाला ना. मुलगा, सूनबाई, भिंगरी, सगळे होते. पोरगीने वही मागितली. मला लाज वाटली, पण दिली.

तिने पुढची बाजू उघडली आणि थांबली. मी पण वाकून बघितलं. माझे सहाही 'मी' कुणीतरी खोडलेले. एकेक बारीक रेघ मारून. आणि प्रत्येकाच्या वर मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं: कुलूपवाला. सहा वेळा. शेवटच्या ओळीत दुधापुढेसुद्धा. काल सकाळी मागच्या खोलीचं दार लावून बसले होते ते याच्यासाठी. मला वाटलं किल्ली घासताहेत.

पोरगीला वाचता येईना. तिने फोनवर फोटो काढून मोठा केला, मग वाचलं. वाचून यांच्याकडे बघितलं. काय झालंय ते मुलाने तिला थोडक्यात सांगितलं. ती म्हणाली, "आजोबा, ही यंत्राची चूक आहे."

"कशी?"

"तीस सेकंद ही कारखान्याने ठरवून पाठवलेली वेळ. घरात कोण राहतं हे कारखान्याला काय माहीत? म्हणून तर मी वही लिहायला सांगते. तुम्हाला किती लागतात?"

यांनी भिंगरीकडे बघितलं. भिंगरी म्हणाली, "चाळीस, पंचेचाळीस. वाईट दिवस असला तर साठ. आम्ही मोजतो ना."

पोरगीने शिडी न घेताच काम केलं. नव्वद सेकंद लावून दिले. डबी काढून खाली, कोपराच्या उंचीवर बसवली, म्हणजे हात टेकवून दाबता येईल. बटणं मोठी असलेला नवा मुखवटा चढवला. जाताना यांना म्हणाली, "तिसरं कुलूप कुठे आहे ते आता तरी सांगा." हे म्हणाले, "अजून दिसलं नाही ना? मग ठीक."

मग मुलगा मागच्या खोलीत यांच्याजवळ गेला. दार उघडंच होतं. मास्तरीणबाईंची ती किल्ली त्याच्या हातात होती.

"बाबा, हे कसं घासायचं, दाखवा."

"तुला नाही जमायचं."

"शिकवा की."

"डाव्या हातात पकड. तसं नाही. अरे, किल्ली आहे ती, चमचा धरल्यासारखा काय धरतोस!"

खूप दिवसांनी कानशीचा आवाज आला. फार वाईट आवाज. पण आला.

सूनबाई माझ्याजवळ ओट्याशी आल्या. म्हणाल्या, "आई, मी बसमधल्या बाईंना सांगेन, त्या भिंगरीला कोपऱ्यापर्यंत सोडतील. पुढे ती आणि आजोबा येतील दोघं. चालेल?" मी विचारलं, म्हणजे ससे नाहीत? त्या म्हणाल्या, ससे नाहीत.

आणि एक. भिंगरीने खुर्चीवर चढून घड्याळात पेनाने नऊ काढला. जरा वाकडा आहे. आता डॉक्टरांना काय तक्रार असेल ती असो.

गुरुवार, ता. ४

औषध सुरू होऊन आठवडा झाला. कोड दाबायला यांना सोमवारी अठ्ठावन्न, मंगळवारी त्रेपन्न, काल परत साठ. रोज कमी होतंच असं नाही, डॉक्टरांनी सांगितलंय.

आज मी स्वयंपाकघरात होते, हात साबणाचे. एक कुलूप उघडलं. दुसरं. बऱ्याच वेळाने तिसरं. दार. टीं टीं टीं. भिंगरी पळत आत आली, माझ्याजवळ उभी राहिली आणि आम्ही दोघी हळू आवाजात मोजायला लागलो. दहा. वीस. तीसला माझे पाय आपोआप निघाले, तिने माझा हात धरून ठेवला. चाळीस. बाहेर यांच्या चपला घासल्याचा आवाज, मग डबीवर हात टेकल्याचा. एक आकडा. दुसरा. पंचेचाळीस. भिंगरीने श्वास धरलेला. तिसरा.

सत्तेचाळीसला टीं टीं थांबली.

हे आत आले, टेबलाशी बसले आणि म्हणाले, "चहा मिळेल का, की त्यालाही कोड लागतो?"

चेहरा कोराच होता. पण मला आता कळतं.

वहीच्या पुढच्या बाजूला आज लिहायला काही नाही.